बेगमी एकट्या घराची नसते

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागूही झाली. मधल्या चार तासांत शहरांतली किराणा दुकाने रिकामी झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत मध्यमवर्गीय घरांनी कधी केली नव्हती ती कामे केली. पोळी लाटणे, भांडी घासणे, दह्याला विरजण लावणे, कुंडीत मेथी पेरणे, मुलांचे केस घरीच कापणे, गच्चीवर सांडगे घालणे, सगळे सुरू झाले. मे महिन्यात पंतप्रधानांच्या भाषणातून ‘आत्मनिर्भर’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि या घरगुती धडपडीला एक मोठे नाव मिळाले. दोन-अडीच वर्षांत सारे पूर्ववत झाले आणि कुंड्या पुन्हा रिकाम्या पडल्या. त्या काळातून आपण काय शिकलो, असे विचारले की आजही दोन ठरलेली उत्तरे येतात. काहींच्या मते प्रत्येक घराने आपल्या गरजा आपणच भागवायला शिकले पाहिजे. इतरांच्या मते तो एक अपवादात्मक काळ होता, आता त्याचा विचार कशाला करायचा. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. घरकामाचे कौशल्य संकटात उपयोगी पडते, यात शंका नाही. पण महामारीत टिकाव लागतो तो वस्तीचा, एकट्या घराचा नव्हे. स्वावलंबनाचे एकक घर मानले की आपण चुकीच्या ठिकाणी तयारी करत राहतो.

गोव्याचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांची तजवीज करण्याची तिथली रीत जुनी आहे. मडगावच्या होली स्पिरिट चर्चजवळ भरणारे पुरुमेंताचे फेस्त तेवढ्यासाठीच असते. सुकी मासळी, मिरच्या, सोलां, चिंच, व्हिनेगर असा माल तिथून घराघरांत जातो. कोकणात हेच काम आगोटीच्या आधी उरकले जाते. इतकी परंपरा असलेल्या या राज्यात मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात काही दिवस किराणा दुकानेही बंद ठेवली गेली आणि सीमेवर मालाच्या गाड्या अडल्या, तेव्हा लोकांची तारांबळ उडाली. गोव्याची रोजची भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावहून येते, दूधही बाहेरून येते. पुरुमेंत भरण्याचे दिवस अजून यायचे होते, हे खरे. पण डबे भरलेले असते तरी ताजी भाजी आणि दूध त्यात मावले नसते. लोक आळशी होते किंवा जुने शहाणपण विसरले होते, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. रोजच्या अन्नाची साखळी घराच्या हातातून कधीच निसटली होती आणि ती कुठे तुटू शकते याचा विचार घराने नव्हे, तालुक्याने आणि राज्याने करायला हवा होता.

मुंबईतही वेगळे घडले नाही. वाशीचा घाऊक बाजार ११ ते १७ मे २०२० या आठवड्यात बंद ठेवावा लागला, कारण तिथे काम करणाऱ्या माणसांतच संसर्ग पसरला होता. कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाले, धान्य असे पाचही बाजार एकाच आवारात आणि एका महानगराचे पोट त्या आवारावर अवलंबून. त्याच काळात पुण्या-मुंबईच्या अनेक गृहनिर्माण संस्थांनी शेतकरी गटांकडून भाजीच्या टोपल्या थेट मागवल्या, रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांनी आंब्याच्या पेट्या इमारतींच्या फाटकापर्यंत आणून दिल्या. हे जमले ते एकट्या कुटुंबामुळे नव्हे. पाच-दहा घरांसाठी कोणी टेम्पो भरून आणत नाही. शंभर घरांनी मिळून मागणी नोंदवली, कोणीतरी यादी केली, कोणी पैसे गोळा केले, कोणी उतरवून घेतले, तेव्हा तो टेम्पो निघाला. ज्या वस्तीत माणसे एकमेकांना ओळखत होती तिथे ही व्यवस्था लवकर उभी राहिली. पुढच्या संकटासाठी जपून ठेवायची गोष्ट ही आहे आणि नेमकी तीच आपण सर्वांत आधी मोडीत काढली.

घरातल्या घरात पाहिले तरी तेच दिसते. रेशनवर मिळणारा गहू घरात आला म्हणून पोळी होत नाही, त्यासाठी गिरणी लागते. एप्रिल २०२० पासून केंद्राने माणशी पाच किलो धान्य मोफत दिले, राज्याने मे आणि जून महिन्यांत केशरी कार्डधारकांना गहू आठ रुपये आणि तांदूळ बारा रुपये किलोने दिला. हे निर्णय योग्यच होते. पण दळून देणारा गिरणीवाला, सिलिंडर पोहोचवणारा माणूस, पाणी सोडणारा पालिकेचा कर्मचारी, कचरा उचलणारी बाई यांपैकी एकजण थांबला तरी पूर्ण स्वयंपाक येणाऱ्या सुगरणीचे घरही अडते. स्वावलंबी म्हणवणारे घर प्रत्यक्षात किती हातांवर उभे असते, याची यादी त्या काळात प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आली होती. ती यादी लक्षात ठेवणे हा स्वावलंबनाचा पहिला धडा मानायला हवा.

महामारी आणि दुष्काळ किंवा पूर यांत एक मूलभूत फरक आहे. दुष्काळात धान्य संपते, पण रांधणारे हात शाबूत असतात. महामारी त्या हातांनाच धरते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हे अतिशय क्रूरपणे दाखवले. जूनमध्ये मुंबईत शिरलेला ताप सप्टेंबरात कितीतरी पट प्राणघातक होऊन परतला आणि त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. वीस ते चाळीस वयोगटातली करती माणसे त्यात सर्वाधिक गेली, म्हणजे ज्यांनी पेरायचे, कापायचे, दळायचे, पाणी भरायचे तीच. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमी भरली. त्या काळातली खेडी आजच्या कोणत्याही घरापेक्षा जास्त स्वयंपूर्ण होती. कणगीत धान्य होते, गोठ्यात जनावर होते, घरोघरी जाते होते. तरी माणूस अंथरुणावर पडल्यावर जाते कोण ओढणार? शंभर वर्षांनी, एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हाच प्रश्न फ्लॅटच्या दाराआड उभा राहिला. घरातली चारही माणसे एकाच वेळी बाधित, फ्रीज भरलेला, डबे भरलेले, आणि उठून वरण-भात लावायची ताकद कोणातच नाही. तेव्हा दाराशी डबा आला तो शेजारच्या मजल्यावरून, एखाद्या महिला मंडळाकडून, गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या पोरांकडून. जिथे असे कोणी नव्हते तिथल्या एकट्या म्हाताऱ्यांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करवत नाही.

म्हणूनच आपल्याकडची जुनी बेगमी नीट पाहायला हवी. तिची आठवण काढताना आपण आजीच्या हातची चव आठवतो, कामाची रचना पाहत नाही. कुरडयांचेच घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. मग ते वाटायचे, चोथा पिळून वेगळा करायचा आणि चीक रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचे पाणी अलगद काढून टाकायचे, मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घातलेल्या पाण्याला आधण आणायचे आणि चीक ओतायला घ्यायचा. इथे एका बाईचे काम नाही. एकीने धार धरायची, दुसरीने दोन्ही हातांनी हाटत राहायचे, क्षणभर हात थांबला की गुठळ्या होतात. चीक शिजला की गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायचा, कारण गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही. आणि हे सगळे ऊन चढायच्या आत, अंगणात पसरलेल्या धडप्यावर. म्हणून आळीतल्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा पाळ्या लावत. पापडांचे पीठ कुटायलाही चार हात लागत आणि लाटायला दहा पोळपाट. शेतात हीच पद्धत सावड किंवा इर्जिक म्हणून चालत आली. वर्षभराच्या तजविजीचे कोणतेही मोठे काम एका चुलीच्या बळावर होत नव्हते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली, ती काही आकाशातून पडलेली कल्पना नव्हती. आळीतली पाळी त्यांनी इमारतीच्या गच्चीवर नेली आणि तिला हिशेबाची वही जोडली.

बेगमी आणि साठेबाजी यांतला फरकही याच ठिकाणी कळतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन्हींत माणूस गरजेपेक्षा जास्त माल घरात आणतो, पण परिणाम अगदी उलटे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंच उतरते, मग मिरचीचा हंगाम येतो, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा चाळीत जातो. या दिवसांत बाजारात माल ओसंडत असतो आणि शेतकऱ्याला भाव पडण्याची धास्ती असते. तेव्हा शहरातल्या घराने वर्षाचे तिखट, सहा महिन्यांची डाळ, दोन महिन्यांचा कांदा घेतला तर शेतकऱ्याचा माल उठतो आणि टंचाईच्या दिवसांत त्या घराचा भार बाजारावर पडत नाही. संकट जाहीर झाल्याच्या रात्री तेच घर पन्नास किलो तांदूळ उचलते तेव्हा मात्र ते शेजाऱ्याच्या ताटातले उचलते. रोजंदारीवर जगणाऱ्याला त्या रात्री दुकानात जाऊन काही उपयोग नव्हता. त्याच्या खिशात एका दिवसाचे पैसे होते आणि दुसऱ्या दिवशी रोजगारच बंद. ज्याला बेगमी परवडते त्याने ती हंगामात केली पाहिजे, म्हणजे आणीबाणीत दुकानातला माल ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी उरेल. याला मी कंजूषपणा किंवा भीती म्हणणार नाही, हे एक साधे नागरी कर्तव्य आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. वस्तीचे, गावाचे स्वावलंबन म्हणजे पुन्हा जुना गावगाडाच ना? त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात बलुतेदारीची जी रचना दिसते ती स्वयंपूर्ण होती खरी, पण ती स्वयंपूर्णता जन्माने ठरलेल्या कामांवर आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या राबण्यावर उभी होती. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याला राज्यघटनेचे एकक मानायला ठाम विरोध केला, त्यामागे हाच अनुभव होता. महामारीतही गावाने आपले दरवाजे बंद करून घेतल्याची उदाहरणे कमी नाहीत. शहरातून पायी परतलेल्या आपल्याच माणसांना वेशीवर अडवले गेले, शहरांत परिचारिकांना घर सोडायला सांगितले गेले. त्यामुळे वस्ती हा शब्द आपोआप पवित्र ठरत नाही. माझे म्हणणे इतकेच की, वस्तीची व्यवस्था कोणत्या नियमांवर उभी आहे हे पाहावे. जन्मावर उभी असेल तर ती मोडायलाच हवी. यादीवर, पाळीवर, हिशेबावर आणि सर्वांना खुल्या सभासदत्वावर उभी असेल तर ती जुन्या गावगाड्याची नक्कल होत नाही. बचत गट, सहकारी संस्था, ग्रामसभा या संविधानाच्या काळातल्या रचना आहेत. तिथे कोण काम करणार हे जातीवरून ठरत नाही, निदान ठरू नये यासाठी कायदा आपल्या बाजूने आहे. गावगाड्याच्या भीतीने प्रत्येकाने आपापल्या दाराआड बसायचे ठरवले तर दुर्बळ माणूस जास्तच एकटा पडेल.

दुसरा आक्षेप बायकांच्या बाजूने येतो आणि माझ्या मते तो सर्वांत वजनदार आहे. घरच्या घरी सारे करा, असा उपदेश ऐकला की ते कोण करणार हे कोणी सांगत नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या ८१.२ टक्के स्त्रिया आणि केवळ २६.१ टक्के पुरुष रोज बिनपगारी घरकाम करताना आढळले. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, करणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे पाच तास विरुद्ध दीड तास, आणि तेही चारातल्या तीन पुरुषांनी कामाला हातच न लावता. टाळेबंदीत सगळे घरी होते, तिन्ही त्रिकाळ खाणे घरी होते, बाहेरून आणलेली प्रत्येक वस्तू पुसून घ्यायची होती आणि मुलांची शाळा फोनवर होती. या वाढीव कामाचा मोठा वाटा कोणाकडे गेला हे सांगायला आणखी पाहणीची गरज नाही. अशा घरात स्वावलंबनाची हौस वाढवणे म्हणजे एका माणसाच्या श्रमावर बाकीच्यांनी स्वावलंबी होणे. ते मला मान्य नाही. आणि हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो. ज्या घरात स्वयंपाक एकाच व्यक्तीला येतो ते घर त्या व्यक्तीच्या एका तापाने कोसळते. भात लावणे, कपडे धुणे, आजाऱ्याची पेज करणे, पाण्याची टाकी साफ करणे, फ्यूज बदलणे ही कामे घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला यायलाच हवीत आणि साध्या दिवसांतही वाटून करायला हवीत. न्यायासाठी तर हवेच, पण ज्यांना न्यायाचा मुद्दा पटत नाही त्यांनी निदान सुरक्षेसाठी तरी ते मानावे.

घरकामगार बायकांचे काय, असाही प्रश्न विचारला जातो. सगळे घरीच करू लागले तर धुण्याभांड्यांवर पोट असलेल्यांनी जायचे कुठे? टाळेबंदीत अनेक घरांनी त्यांचा पगार चालू ठेवला, अनेकांनी ठेवला नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, एप्रिल २०२१ मध्ये नोंदणीकृत घरेलू कामगारांना राज्याने दीड हजार रुपये जाहीर केले, पण नोंदणीच नसलेल्या असंख्य बायकांना त्याचा उपयोग नव्हता. काम येणे आणि काम देणे यांत विरोध नाही. स्वतः भांडी घासलेल्या माणसाला त्या कामाचे मोल जास्त कळते आणि पगारी सुट्टी मागितल्यावर तो कुरकुर कमी करतो, निदान त्याने करू नये. वस्तीच्या तयारीत या बायकांची नोंदणी, आजारपणाची रजा आणि संकटात चालू राहणारा पगार या गोष्टी पहिल्या ओळीत यायला हव्यात. त्यांना वगळून केलेले स्वावलंबन इमारतीच्या कुंपणापाशी संपते आणि रोग कुंपण मानत नाही.

आता परसबागेविषयी, कारण या विषयावर सर्वाधिक गोड बोलले जाते. गणित सरळ आहे. प्रौढ माणसाला रोज निदान ३०० ग्रॅम भाज्या हव्यात, असे आहारतज्ज्ञ सांगत आले आहेत. चार माणसांच्या घराला रोजचा किलोभराहून जास्त, महिन्याचा पस्तीस किलोहून जास्त भाजीपाला लागतो. खिडकीतल्या सहा कुंड्यांतून तो येणार नाही. तिथे कढीपत्ता होईल, चार मिरच्या होतील, उथळ क्रेटमध्ये पेरलेली मेथी महिनाभरात एक-दोन वेळची भाजी देईल, धने रगडून पेरले तर कोथिंबीर विकत आणावी लागणार नाही. ओल्या कचऱ्याचे खत जिरेल, मुलांना उगवणे म्हणजे काय ते दिसेल. यापलीकडे शहरी बाल्कनीवर भरवसा ठेवू नये. खेड्यात मात्र हिशेब बदलतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, कुंपणावर दोडका आणि घेवडा, कोपऱ्यात शेवगा, ही जागा आणि पाणी तिथे आहे. शेवग्याचे एक झाड लावले की वर्षानुवर्षे पाला आणि शेंगा देते, आजाऱ्याच्या आणि बाळंतिणीच्या ताटात लोह-कॅल्शियम पोहोचवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानाने २०२० मध्येच पोषण परसबागांची मोहीम गावोगावी चालवली, ती याच विचाराने. त्यातही बी कुठून आणायचे हा प्रश्न एकट्या घराला सुटत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती त्यांच्या परसातल्या वेलीसाठी नव्हे. वाल-घेवड्यापासून भातापर्यंतची गावरान वाणे जपून, त्यांची बँक करून ते बी त्यांनी इतर बायकांच्या परसात पोहोचवले, यासाठी. दुकाने बंद असताना ज्या गावात असे बी होते तिथे पेरणी अडली नसती. लातूर-धाराशिवच्या दुष्काळी भागात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या मदतीने बायकांनी एकेक एकरावर खाण्याची पिके आधी घेण्याची पद्धत रुजवली आहे. नगदी पिकाच्या सोबतीला घरच्या ताटाचे पीक ठेवायचे, आणि कोणते ठेवायचे ते बाईने ठरवायचे. परसबागेचा अर्थ इथे खुलतो.

ज्यांच्याकडे अंगण सोडाच, खिडकीही नाही त्यांचे काय? धारावीच्या दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे राहतात, पाणी ठरावीक वेळेला येते, संडास सार्वजनिक असतो. त्यांना वर्षाचे वाळवण ठेवा म्हणणे क्रूर आहे. अशा वस्तीचे स्वावलंबन सार्वजनिक स्वयंपाकघरातच असू शकते. आपल्याकडे त्याची परंपराही आहे. गिरणगावात खाणावळी चालवून हजारो गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. जानेवारी २०२० मध्ये राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. टाळेबंदी आल्यावर तिचा दर दहाचा पाच रुपये झाला आणि पुढे ती काही काळ मोफतही दिली गेली. तयार केंद्रे होती म्हणून ते करता आले, टाळेबंदीच्या दिवशी नव्याने उभी करायची असती तर महिने गेले असते. प्रत्येक प्रभागात बचत गटांनी चालवलेले एक तरी असे स्वयंपाकघर बारमाही चालू असावे, एरवी त्याने डबे विकावेत आणि संकटात दुपटीने रांधावे.

अर्थशास्त्राच्या बाजूने उत्तर दिले जाते की, श्रमविभागणी हीच प्रगती आहे. संगणक अभियंत्याने पापड का लाटावेत, दहा मिनिटांत किराणा दारात येतो की. मला श्रमविभागणी अमान्य नाही. मागणी आणि पुरवठा सुरळीत असताना तीच स्वस्त आणि शहाणपणाची असते. पण तीच व्यवस्था मार्च २०२० मध्ये काही दिवसांत ठप्प झाली होती, ऑनलाइन मागणीसाठी वेळ मिळत नव्हती, कारण माल वाहणारी आणि पोहोचवणारी माणसेच घरात अडकली किंवा गावाकडे निघाली. त्या व्यवस्थेत साठा कुठेच नसतो, सगळे वेगावर चालते, म्हणून धक्का बसला की तो थेट ताटापर्यंत येतो. दूध हे त्याचे उदाहरण. हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद झाल्यावर राज्यात दूध वाहून जायची वेळ आली. सरकारला रोज दहा लाख लिटर दूध पंचवीस रुपये लिटरने घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. म्हणजे एकीकडे शहरात दूध मिळण्याची चिंता आणि दुसरीकडे गावात दूध कोणी घेण्याची चिंता. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांनी खाण्याच्या द्राक्षांचे बेदाणे करून थोडा माल वाचवला, तो वाळवणाचेच ज्ञान हाताशी होते म्हणून. श्रमविभागणीच्या जोडीला थोडे ज्ञान, थोडा साठा आणि थोडी ओळख शिल्लक ठेवली तर ती मोडणार नाही, उलट धक्का सोसेल. वर्षातले चार रविवार त्यासाठी खर्च झाले तर कोणत्याही अभियंत्याची उत्पादकता बुडत नाही.

हे ज्ञान पुढच्या पिढीला द्यायचे तर आईने मुलीला शिकवण्यावर सोडून चालणार नाही, कारण मग मुलगा कोराच राहतो. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम पुढे आली तेव्हा हाताचे काम शाळेच्या मध्यभागी आणण्याचा विचार होता. त्याचे आपण कार्यानुभवाच्या एका तासात रूपांतर केले आणि त्या तासाला बहुधा कागदाची फुले केली. पण महाराष्ट्रातच पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून दुसरी वाट घालून दिली. तिथे आकाराला आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतली मुले-मुली शेती-पशुपालन, गृह-आरोग्य, ऊर्जा-पर्यावरण आणि अभियांत्रिकी अशी चारही कामे करतात. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा चिक्की करतो, आणि केलेल्या वस्तूचा खर्च काढायला दोघेही शिकतात. हा अभ्यासक्रम ग्रामीण शाळांपुरता का राहावा? पुण्या-नागपूरच्या शाळेत आठवीच्या मुलाला भात, वरण, पेज, ओआरएसचे पाणी, ताप मोजणे, खत करणे आणि महिन्याच्या किराण्याचा हिशेब येत नसेल तर त्याच्या शिक्षणात एक विषय कमी आहे.

मोठ्यांसाठी यंदाच्या उन्हाळ्यातही काही सुरू करता येईल आणि त्याला फार पैसा लागत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत वाहनतळावर दोन तास वाद होतो, त्यात अर्धा तास या विषयाला मिळाला तर एक यादी तयार होईल. इमारतीत एकटे राहणारे वृद्ध कोण, कोणाला रोजचे औषध लागते, डबा देऊ शकणारी घरे कोणती, इमारतीत काम करणाऱ्या बायकांचे आणि रखवालदाराचे पत्ते काय, संकटात त्यांचा पगार कोणत्या निधीतून द्यायचा. पणन मंडळाच्या शेतकरी आठवडी बाजारांमुळे शहरांत थेट विक्रीची सवय आहेच, तिथल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीशी वर्षभराची मागणी ठरवली तर २०२० मध्ये धावपळीत जुळलेला टेम्पो यापुढे ठरल्या वारी येईल, आणि रस्ते बंद झाले तर पास कोणाच्या नावाने काढायचा हेही आधीच ठरलेले असेल. ग्रामपंचायतींनी बी-बँक, घरघंटी किंवा गिरणीचा पर्यायी विजेवर चालण्याचा बंदोबस्त आणि शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघराचा आपत्तीत वापर, एवढे तीन विषय ग्रामसभेपुढे ठेवावेत. अंदाजपत्रक ठरवतानाच ते ठेवायला हवेत, कारण एकदा वर्षाचा आराखडा मंजूर झाला की या कामांसाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते.